मृतवत्सा आणि तिचा सहचर : तान्ह्या मुलाच्या मृत्यूनंतरचे पतिपत्नी व मराठी वाङ्मय

पती गेलेल्या स्त्रीला विधवा, पत्नी गेलेल्या पुरुषाला विधुर आणि आईबाप गेलेल्या मुलाला पोरके म्हणण्याची सोय मराठीत आहे. ज्यांचे मूल गेले अशा आईबापांना, त्या दोघांना मिळून लागू पडेल, असा शब्द मात्र आपल्या भाषेत नाही. ‘मृतवत्सा’ हा संस्कृतातून आलेला शब्द कोशांत आढळतो, पण जिची मुले जगत नाहीत अशा स्त्रीपुरताच त्याचा अर्थ मर्यादित आहे. त्याचे पुल्लिंगी रूप व्याकरणाच्या दृष्टीने सहज सिद्ध होईल. परंतु ते कोणी वापरल्याचे दिसत नाही. बोलीत ‘मूल लाभलं नाही’, ‘पदरात टिकलं नाही’, ‘हाती लागलं नाही’ असे प्रयोग आहेत. त्यांतही पदर स्त्रीचा आहे. भाषेने या दुःखाची मालकी आईकडे देऊन टाकली आहे आणि बापाची नोंद कोठे करावी याचा निर्णय केलेला नाही.

प्रस्तुत निबंधाचा विषय हा असा आहे. तान्हे मूल गेल्यावर पतिपत्नींचे परस्परांशी काय होते, या प्रश्नाचे उत्तर मराठी वाङ्मयात शोधू गेल्यास ते एका ठिकाणी मिळत नाही. अर्धे उत्तर पुरुषाच्या रचनेत, अर्धे स्त्रीच्या रचनेत, आणि दोन्ही अर्धी एकमेकांच्या दृष्टीआड, अशी स्थिती दिसते. याचे कारण केवळ वाङ्मयीन संकेतांत नसून आपल्या आचारधर्मात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. म्हणून आधी आचाराचा विचार करणे इष्ट ठरेल.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात दोन वर्षांच्या आतील मृत बालकासाठी स्वतंत्र व्यवस्था सांगितली आहे. त्यास अलंकृत करून गावाबाहेर शुद्ध भूमीत ठेवावे. त्याला अग्निसंस्कार नाही, अस्थिसंचय नाही, उदकक्रिया नाही. अरण्यात लाकूड ठेवून यावे तसे ठेवून परतावे, असा त्या विधानांचा आशय आहे. पुढील निबंधग्रंथांनी, आणि महाराष्ट्रात विशेष मान्यता पावलेल्या ‘धर्मसिंधू’ने, नामकरण, दात येणे, चौल, उपनयन अशा पायऱ्या धरून अशौचाचे दिवस ठरविले. मूल जितके लहान तितके सुतक थोडे. दहावा, बारावा, श्राद्धपक्ष यांपैकी काहीच तान्ह्या मुलाच्या वाट्याला येत नाही. याच अध्यायात जननाशौचाविषयी असे मत दिलेले आहे की ते मुख्यतः मातेचे. पिता स्नानाने शुद्ध होतो. म्हणजे जन्माच्या वेळी ज्या दोघांना निराळे केले, त्यांना मृत्यूच्या वेळीही निराळेच ठेवले जाते. दहा दिवसांच्या आत मूल गेले तर आई सुवेरातच असते. ती बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर पडत नाही. बाप आणि भाऊबंद मूल घेऊन जातात.

या व्यवस्थेचा परिणाम सूक्ष्म आहे आणि आपल्या समाजशास्त्रीय लेखनात त्याची दखल फारशी घेतलेली दिसत नाही. मुलाला कोठे पुरले ती जागा बापाला ठाऊक असते, आईला नसते. उलट मूल गेल्यानंतर दोन-चार दिवसांत छाती भरून येते, दूध वाहू लागते, चोळी भिजते. हे आईला ठाऊक असते, बापाला कोणी सांगत नाही. एकाच मृत्यूचे असे दोन तुकडे होऊन एक माती बापाजवळ आणि एक देह आईजवळ राहतो. दोघांना एकत्र बसविणारा विधी नसल्यामुळे हे तुकडे जोडले जाण्याचा प्रसंग येत नाही. मोठे माणूस गेले की पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळे घर एका जागी उभे असते. तान्ह्यासाठी तसे कोणी उभे राहत नाही. येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्या रावेर तालुक्याचा विचार या निबंधाच्या उत्तरार्धात केला आहे, तो तापी आणि सातपुडा यांच्यामधील पट्टा लेवा पाटील, गुजर, मराठा, कोळी यांच्याप्रमाणेच तडवी, भिल्ल व मुसलमान कुटुंबांचाही आहे. धर्मशास्त्राचा हा पाठ त्या सर्वांना लागू नाही. मुसलमानांत सर्वांचेच दफन होते आणि जन्मल्यावर रडलेल्या मुलाला नाव देऊन त्याच्यासाठी जनाज्याची नमाज अदा केली जाते. त्यामुळे तान्ह्याला मृतांच्या पंक्तीतून वगळले जात नाही. तरीसुद्धा कब्रस्तानाकडे जातात ते पुरुष, आणि घरी राहते ती आई, एवढा भाग बहुतेक सारखाच आहे.

आता वाङ्मयाकडे वळू. बापाचा आवाज मराठीत ऐकू येतो तो तुकोबांच्या अभंगांत. शके १५५१-५२ च्या, म्हणजे इ. स. १६२९-३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई गेली आणि परंपरेनुसार त्यांचा मुलगा संतूही गेला. आत्मचरित्रपर म्हणून प्रसिद्ध असलेल्या अभंगात पत्नी अन्नावाचून गेल्याचा उल्लेख आहे; मुलाचा नाही. मूल येते ते दुसऱ्या एका अभंगात. तेथे पत्नी, मूल आणि आई यांचे मृत्यू एकामागून एक मांडून प्रत्येकाविषयी सुटका झाली, बरेच झाले, अशा अर्थाचे उद्गार काढलेले आहेत आणि आता विठ्ठल व मी यांच्यामध्ये कोणी उरले नाही, अशा आशयाचे धृपद आहे. वारकरी परंपरेने यात वैराग्य पाहिले आणि ते योग्यच आहे. परंतु केवळ वैराग्य सांगावयाचे असते तर मृत्यूंची इतकी काटेकोर यादी करण्याचे कारण नव्हते. ज्याला खरोखरच सुटल्यासारखे वाटते तो माणूस मेलेल्यांची मोजदाद करीत बसत नाही. या अभंगातील कोरडेपणा हाच बापाच्या शोकाचा मराठीतील पहिला आणि बराच काळ एकमेव आविष्कार आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. तसेच हेही लक्षात घ्यावे की तुकोबांना हे दुःख जिच्याबरोबर वाटून घ्यावयाचे ती रखमाबाईच त्या यादीत आहे. पतिपत्नींच्या संवादाची शक्यता तेथे मृत्यूनेच मिटविली.

आईचा आवाज ओवीत आहे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये संग्रहित केलेल्या, आणि पुढे हेमा राईरकर व गी प्वातव्हँ यांच्या प्रयत्नातून संकलित झालेल्या जात्यावरच्या ओव्यांचा पट फार मोठा आहे, दुसऱ्या संकलनात तर लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्यांत तान्हे बाळ पदोपदी भेटते. पाळणा, टोपडे, दृष्ट, अंगारा, सगळे आहे. दुःख सांगावयाचे ते आईला, बहिणीला, शेजारणीला किंवा थेट जात्याला. भावाचे कौतुक मुबलक आहे. पती मात्र ऐकणारा म्हणून क्वचितच समोर असतो. त्याला कारणही आहे. पहाटेच्या वेळी दळणारीजवळ पती नसतो आणि त्याने तेथे येणे शिष्टसंमत नव्हते. ओवी ही अशा रीतीने आईने नवऱ्याच्या गैरहजेरीत धरलेले सुतक ठरते. शास्त्राने न दिलेले दहा दिवस तिने जात्यापाशी वर्षानुवर्षे वसूल केले.

गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’ या कवितेने हीच आई मुद्रित कवितेत आणली. मांडीवरचे मूल गेले आहे हे मान्य न करणारी, ते झोपले आहे म्हणून जमलेल्या लोकांना गप्प करणारी ही आई मराठी वाचकाच्या मनात कायमची बसली आहे. या कवितेवर भावविवशतेचा आरोप वारंवार झाला आणि त्यात थोडे तथ्यही आहे. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने कवितेची रचना पाहावी. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मूल न्यावयास आलेले लोक. ‘आता द्या’ असे म्हणणारे पुरुष आणि ‘अजून नाही’ म्हणणारी स्त्री, हा जो संघर्ष प्रत्येक घरात काही घटका तरी घडतो, तो येथे आहे. बापाचा आवाज मात्र कवितेत नाही. गडकऱ्यांसारख्या नाटककारालाही या प्रसंगातून पतिपत्नींचा संवाद काढावासा वाटला नाही, ही गोष्ट मराठी संवेदनेविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

असा संवाद कसा असू शकतो याचे उदाहरण परभाषेतून घ्यावे लागते. अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्ट याच्या १९१४ मधील ‘नॉर्थ ऑफ बोस्टन’ या संग्रहात ‘होम बेरिअल’ ही दीर्घ संवादकविता आहे. फ्रॉस्टचा पहिला मुलगा १९०० साली लहानपणीच वारला होता. कवितेतील शेतकरी जोडप्याचे पहिले मूल गेले आहे. घराच्या खिडकीतून कुटुंबाचे छोटे स्मशान दिसते. नवऱ्याने खड्डा स्वतः खणला. बायकोने ते खिडकीतून पाहिले, आणि त्यानंतर तो स्वयंपाकघरात येऊन पावसाने कुंपण कुजते अशा काहीतरी रोजच्या गोष्टी बोलला, हे ती विसरू शकत नाही. त्याला आपण काय चुकलो हे उमगत नाही. बोलण्याची परवानगी तो तिच्याकडे मागतो आणि बोलू लागला की प्रत्येक शब्द चुकीचा पडतो. कुजणाऱ्या कुंपणाविषयीचे त्याचे बोलणे हाच कदाचित त्याचा विलाप होता. परंतु ते त्यालाही कळलेले नाही. तुकोबांच्या ‘बरे झाले’ या भूमिकेशेजारी हे कुंपण ठेवून पाहावे. दोन्हीकडे पुरुष दुःखाच्या जागी दुसरेच काही बोलतो आहे. फरक एवढाच की फ्रॉस्टच्या स्त्रीला खिडकी आहे. ती निदान त्याने खणलेला खड्डा पाहू शकते, आणि पाहिल्यामुळेच भांडू शकते. आपल्याकडील बाळंतिणीच्या खोलीला ती खिडकी नव्हती.

मराठीत एका जोडप्याची कागदपत्रे मात्र अशी उपलब्ध आहेत की दोघांचा विचार एकत्र करता येतो. गोपाळराव जोशी आणि आनंदीबाई यांचे ते जोडपे होय. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेचा विवाह नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, टपालखात्यात नोकरीस असलेल्या विधुर गोपाळरावांशी झाला. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसच जगला. पुढे मूल झाले नाही. योग्य वैद्यकीय साहाय्य मिळाले असते तर मूल वाचले असते आणि त्यातूनच डॉक्टर होण्याची आकांक्षा जन्मली, असा या घटनेचा अर्थ सर्वत्र लावला जातो. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीने तो अर्थ मराठी वाचकांच्या मनात पक्का केला आणि २०१९ च्या त्याच नावाच्या चित्रपटाने तो नव्या पिढीपर्यंत नेला. तो चुकीचा आहे असे नव्हे. परंतु मूळ कागदांकडे पाहिले असता चित्र इतके सरळ राहत नाही.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेस का जात आहोत यावर इंग्रजीतून भाषण केले. हिंदुस्थानात स्त्रीडॉक्टरांची गरज, येथे शिकण्यातील अडचणी, एकटीने जाण्याचे कारण, जातिबहिष्काराची भीती अशा प्रश्नांची तिने क्रमाने उत्तरे दिली. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयास पाठविलेल्या अर्जातही पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींचे दुःख तिने मांडले. देशभगिनी आहेत, दहा दिवसांचे ते मूल नाही. सार्वजनिक लेखनात खासगी दुःख आणू नये हा त्या काळचा संकेत येथे असेलच. पण तेवढ्याने भागत नाही. मार्च १८८६ मध्ये तिला पदवी मिळाली ती ज्या प्रबंधावर, त्याचा विषय होता प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पदवीच्या प्रबंधासाठी विषयांची वाण नव्हती. तिने बाळंतपण निवडले. स्वतःच्या बाळंतपणाविषयी जाहीरपणे एक अक्षर न लिहिणाऱ्या स्त्रीचा हा प्रबंध शोकवाङ्मयाच्या यादीत कोणी घालणार नाही, पण प्रस्तुत लेखकाला तो तेथे घालावासा वाटतो.

पतिपत्नींच्या नात्यासंबंधी याहून महत्त्वाचा पुरावा म्हणजे तिने अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेले एक पत्र. मीरा कोसंबी यांच्या संशोधनामुळे ते अभ्यासकांच्या चर्चेत आले. तुमचे माझ्याशी वागणे चांगले होते की वाईट हे ठरविणे कठीण आहे, असे म्हणून ती वयानुसार आठवणी देते: दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारणे, बाराव्या वर्षी खुर्च्या-पुस्तके फेकणे व सोडून जाण्याची धमकी आणि चौदाव्या वर्षी इतर विचित्र शिक्षा. पत्राचा विचार आजवर प्रामुख्याने स्त्रीवादी दृष्टीने, पतीच्या हिंसेचा दस्तऐवज म्हणून झाला आणि तो तसा आहेच. पण चौदावे वर्ष कोणते, याकडे लक्ष द्यावयास हवे. मूल येऊन गेले ते याच वयाच्या आसपास. यादीत मार आहे, फेकलेली पुस्तके आहेत, सोडून जाण्याची धमकी आहे, विचित्र शिक्षा आहेत. मुलाचे जाणे नाही. ज्या काळात दोघांनी मिळून एक मूल गमावले, तो काळ तिच्या स्मरणात नवऱ्याने केलेल्या शिक्षांच्या रूपाने राहिला. मूल आणि शिक्षा यांचा कार्यकारणसंबंध या पत्रावरून सिद्ध होत नाही आणि तसा आग्रह धरू नये. परंतु त्या घरात शोकाला जागा नव्हती, अभ्यासाला होती, एवढे नि:संशय म्हणता येईल. गोपाळरावांचा अभ्यासाचा दुराग्रह हा तुकोबांच्या कोरडेपणाचा आणि फ्रॉस्टच्या शेतकऱ्याच्या कुंपणाचा एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रीय अवतार मानला तर त्या विक्षिप्त माणसाकडे थोड्या वेगळ्या दृष्टीने पाहता येते. त्याने पत्नीला समुद्रापार एकटीने पाठविले. दु:खाविषयी बोलण्याऐवजी दोघांनी एक काम हाती घेतले. ते काम तिच्या प्राणांवर बेतले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, पुण्यात तिचे निधन झाले. काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये लिहिलेले तिचे चरित्र आजही या विषयाच्या अभ्यासकाने आधी वाचावे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ याच प्रश्नाच्या दृष्टीने वाचण्याजोगी आहेत. परंतु तो स्वतंत्र निबंधाचा विषय होय.

खानदेशच्या संदर्भात ‘कोसला’चा (१९६३) उल्लेख अपरिहार्य आहे. रावेरला लागून असलेल्या यावल तालुक्यातील सांगवी हे नेमाड्यांचे गाव, आणि पांडुरंग सांगवीकराच्या कथनातील मनीचा देवीच्या रोगाने झालेला मृत्यू मराठी कादंबरीतील अत्यंत तीव्र शोकप्रसंगांपैकी एक. मनी तान्ही नव्हे, आणि शोकाचे केंद्र भाऊ आहे. आईबाप एकमेकांशी काय बोलले असतील हे निवेदक पांडुरंगला कळण्याचा मार्ग नाही. आपल्या प्रश्नाला म्हणून ही कादंबरी उत्तर देत नाही, पण एक गोष्ट दाखवून देते: खानदेशी शेतकरी घरात मुलाच्या मृत्यूवर मोठ्याने बोलावयाचे तर ते आईबापांना साधत नाही, तिसऱ्यालाच बोलावे लागते.

मग आईबाप दोघे मिळून काहीच करीत नव्हते का? करीत होते, आणि त्याचा पुरावा कोणत्याही ग्रंथात नसून गावोगावच्या माणसांच्या नावांत आहे. धोंडू, दगडू, केरू, भिका ही नावे महाराष्ट्रभर आहेत. खानदेशात त्यांच्या जोडीला उखा, उखर्डू, धुडकू अशी नावे जुन्या पिढीत भेटतात. रावेर-यावलच्या शेतकरी कुटुंबांत पणजोबा-आजोबांच्या पिढीकडे गेल्यास ती हटकून सापडावीत. उकिरडा, फाटके धुडके, दगड, भीक. आधीची मुले गेलेल्या घरात नवीन मुलावर मृत्यूची दृष्ट पडू नये म्हणून ठेवलेली ही नावे आहेत, हे सर्वश्रुत आहे. काही ठिकाणी मूल दुसरीच्या ओटीत घालून नाममात्र किमतीला परत विकत घेत. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी याची गणना दृष्ट टाळण्याच्या युक्त्यांत केली. ती बरोबर आहे, तरी अपुरी आहे.

अशा नावाचा अर्थ दोन पातळ्यांवर चालतो. दगडू हे नाव जिवंत मुलाचे आहे, पण ते सांगते मेलेल्या भावंडाविषयी. गेलेल्या मुलाला नाव मिळाले नव्हते, दिवस मिळाले नव्हते. त्याची एकमेव खूण पुढच्या मुलाच्या नावात शिल्लक राहिली. ते नाव आई आणि बाप दोघे उच्चारीत. बाप शेतातून हाक मारी, आई चुलीपुढून. आपल्यामध्ये जे घडले त्याविषयी कधी न बोललेली ती दोघे दिवसातून पन्नास वेळा त्याचाच उल्लेख करीत होती आणि ऐकणाऱ्या गावाला ते समजत होते. शास्त्राने नाकारलेला संयुक्त विधी लोकांनी नामकरणात घडविला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

दोष कोणाचा, हा प्रश्नही लोकांनी याच पद्धतीने सोडविला होता. सहाव्या रात्री सटवी येऊन कपाळी लिहून जाते, आणि तिने आयुष्यच थोडे लिहिले असेल तर आईबापांचा इलाज नाही, ही समजूत नवराबायकोंना एकमेकांवर बोट ठेवण्यापासून वाचवीत असे. व्यवहारात मात्र सासरघरी सटवीपेक्षा सून जवळ असते. तिचा पायगुण निघे, दुसऱ्या लग्नाची गोष्ट निघे आणि अशा वेळी नवरा कोणत्या बाजूला उभा राहतो यावर त्या संसाराचे पुढचे सगळे ठरत असे.

या नावांची चाल आता मागे पडली आहे, आणि त्याचे पहिले कारण आनंदाचे आहे. मुले जगू लागली. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना शिकवून केलेल्या घरोघरच्या नवजात-सेवेचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले, तेव्हा नवजात-मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटविता येते हे जगापुढे सिद्ध झाले. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर बाळंतपणे घरातून दवाखान्यात गेली. पण सातपुड्याच्या पायथ्याशी असो वा शहरात, मूल गेलेच तर ते फडक्यात गुंडाळून बापाच्या हाती देतात, आई खाटेवर असते, आणि जागा पुन्हा त्यालाच ठाऊक असते. २ सप्टेंबर २०२२ च्या आदेशाने केंद्र सरकारने आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांना, मूल मृत जन्मल्यास किंवा जन्मानंतर लगेच दगावल्यास, साठ दिवसांची विशेष रजा दिली. आईच्या मनावर होणारा आघात सरकारी कागदात नोंदला गेला, ही नवी गोष्ट आहे. बापाचा उल्लेख त्या आदेशात नाही. आणि दगडू, उखर्डू ही नावे गेल्यापासून त्या दोघांनी मिळून उच्चारावयाचा शब्दही उरलेला नाही.